पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असे नव्हे

(घरोपयोगी विज्ञान)



आपल्या घरातील टीव्हीच्या मागे, कपाटावर किंवा बिस्किटांच्या जुन्या डब्यात एकदा हात घालून पाहा. पाच-सहा काळे अडॅप्टर आणि त्यांच्या एकमेकींत गुंतलेल्या वायरी हमखास सापडतील. त्यांतील कोणता कशाचा हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. सेट टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पाणी शुद्ध करणारे आरओ, लॅपटॉप, मुलाचा कीबोर्ड, भाजीच्या गाडीवरचा वजनकाटा अशा कितीतरी वस्तूंना हा काळा ठोकळा लागतो. पुष्कळदा वस्तू धडधाकट असते आणि ठोकळाच आधी बंद पडतो. मग डब्यातला दुसरा काढून लावला जातो. पिन बसली, दिवा लागला, की काम झाले असे आपण समजतो.

या समजुतीची किंमत किती पडू शकते, हे आमच्याकडे आलेल्या एका भगिनीच्या पत्रावरून कळेल. त्या चार घरी धुणे-भांडी करतात. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर असताना घरातील राउटरचा अडॅप्टर बंद पडला. बाजारातील एका दुकानात त्या राउटर आणि जुना अडॅप्टर दोन्ही घेऊन गेल्या. दुकानदाराने एक अडॅप्टर काढला, पिन राउटरमध्ये बसते का तेवढे पाहिले आणि "चालेल, घेऊन जा" म्हणाला. घरी येऊन बटण दाबले, तर जळका वास आला आणि राउटर कायमचा गेला. नव्या राउटरसाठी महिन्याच्या पगारातून उचल घ्यावी लागली. त्या विचारतात, "पिन तर तीच होती. मग जळाले कशाने? आणि पुढच्या वेळी आम्ही काय बघून घ्यायचे?"

भगिनीने एक काम फार चांगले केले. दोन्ही अडॅप्टरांवरची अक्षरे मुलीकडून जशीच्या तशी उतरवून पाठवली. जुन्यावर आउटपुट १२ व्होल्ट, १ ॲम्पियर असे आहे. नव्यावर आउटपुट २४ व्होल्ट, १.५ ॲम्पियर असे आहे. म्हणजे राउटरला लागत होते १२ व्होल्ट आणि मिळाले दुप्पट. २४ व्होल्टचे अडॅप्टर घरगुती आरओच्या पंपाला लागतात. त्यांपैकी काहींची पिन राउटरच्या पिनसारखीच असते. पत्रातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत मिळाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे, कारण तो प्रश्न सर्वांचाच आहे.

अडॅप्टर करतो काय?

आपल्या घरातील सॉकेटमध्ये येणारी वीज २३० व्होल्टची असते. ती एसी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील भाषेत प्रत्यावर्ती असते. ती सतत दिशा बदलते आणि सेकंदाला असे ५० पूर्ण फेरे घेते, म्हणून तिला ५० हर्ट्झची वीज म्हणतात. राउटर किंवा सेट टॉप बॉक्सच्या आतील नाजूक भागांना ही वीज सोसत नाही. त्यांना ५, ९, १२ अशी थोड्या व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी किंवा दिष्ट वीज लागते. भिंतीतील वीज घेऊन ती वस्तूला पचेल अशी करून देणे हे अडॅप्टरचे काम.

पूर्वी टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टरला लागणारा जड 'एलिमिनेटर' अनेकांना आठवत असेल. त्यात लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असे. आजचे अडॅप्टर हलके असतात, कारण त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरने ती उतरवतात. बनावट बदलली तरी काम तेच आहे. कोणत्या वस्तूला किती वीज पचते हे मात्र वस्तूगणिक वेगळे असते आणि ते पिनच्या आकारावरून कळत नाही.

लेबल वाचायला शिका

प्रत्येक चांगल्या अडॅप्टरच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत मजकूर छापलेला असतो. तो वाचायला इंग्रजी येण्याची गरज नाही. चार-पाच खुणा ओळखता आल्या की पुरे. अक्षरे फार बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. घरातील शाळकरी मुलाला हे काम आनंदाने करता येईल.

पहिली ओळ 'इनपुट'ची. ही भिंतीकडची बाजू. तेथे बहुधा १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे असते. असा अडॅप्टर आपल्याकडे चालतो. कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून एखादी वस्तू आणली आणि तिच्या अडॅप्टरवर इनपुट फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर तो आपल्या सॉकेटमध्ये लावू नये. तो जळेल.

दुसरी ओळ 'आउटपुट'ची. ही वस्तूकडची बाजू आणि आपल्या कामाची खरी ओळ हीच. घाईत पुष्कळ जण इनपुटचे आकडे वाचतात आणि फसतात. आउटपुटच्या ओळीत इंग्रजी 'व्ही' अक्षरासमोर व्होल्ट आणि 'ए' अक्षरासमोर ॲम्पियर असतात. 'एमए' असे लिहिले असेल तर ते मिलिॲम्पियर. १००० मिलिॲम्पियर म्हणजे १ ॲम्पियर, ५०० म्हणजे अर्धा.

व्होल्ट आणि ॲम्पियर यांच्या मध्ये एक छोटी खूण असते. एक आडवी सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतील तर डीसी. पाण्याच्या लाटेसारखी नागमोडी रेघ असेल तर एसी. घरातील बहुतेक वस्तूंना डीसी लागते. पण काही जुने मोडेम आणि इतर थोड्या वस्तू अशा आहेत, की त्यांचा अडॅप्टर ९ किंवा १२ व्होल्टची एसीच देतो. आकडा जुळला आणि खूण जुळली नाही, तर तो अडॅप्टर आपला नव्हे.

व्होल्ट नेमके तेवढेच

व्होल्ट आणि ॲम्पियर यांतला फरक पाण्याच्या टाकीवरून चटकन समजतो. टाकी जितक्या उंचीवर, तितका नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. एका मजल्याच्या जोराला पुरेल असा पाइप बसवला आणि त्याला दहाव्या मजल्यावरच्या टाकीचे पाणी जोडले, तर पाइप फुटेल. पत्रातील राउटरचे तेच झाले. उलट टाकी फारच खाली असेल तर नळाला पाणी चढणारच नाही. १२ व्होल्टच्या वस्तूला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर ती वस्तू सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन पुन:पुन्हा बंद पडते.

म्हणून पहिला नियम असा की अडॅप्टरचे व्होल्ट वस्तूवर लिहिलेल्या व्होल्टइतकेच असावेत. १२ ला १२, ९ ला ९, ५ ला ५.

येथे जुन्या एलिमिनेटरविषयी सावधगिरीचा शब्द. त्यांतील बऱ्याच जणांचे व्होल्ट स्थिर नसतात. लेबलवर १२ लिहिलेले असते, पण थोडी वीज घेणारी वस्तू जोडली तर प्रत्यक्षात १५-१६ व्होल्टही बाहेर येतात. जुन्या टेपरेकॉर्डरला ते चालत असे. आजच्या राउटरला किंवा सेट टॉप बॉक्सला असा एलिमिनेटर जोडू नये. ज्यावर ३, ४.५, ६, ७.५, ९ आणि १२ व्होल्टसाठी सरकते बटण असते, तो एलिमिनेटर तर लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नये. खेळता खेळता बटण सरकले की ६ व्होल्टच्या वस्तूला १२ व्होल्ट मिळतात.

ॲम्पियर तेवढे किंवा त्याहून जास्त

याबाबत मात्र लोकांच्या मनात उगाच भीती असते. "राउटरला १ ॲम्पियर लागतो आणि अडॅप्टर २ ॲम्पियरचा आहे, मग राउटर जळेल का?" असे अनेक जण विचारतात. जळणार नाही. व्होल्ट हे अडॅप्टर देतो, पण ॲम्पियर वस्तू स्वत:च्या गरजेपुरते ओढून घेते. टाकीत हजार लिटर पाणी असले तरी तांब्याभर हवे असेल तर आपण तांब्याभरच घेतो. अडॅप्टरवरचा ॲम्पियरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढेच.

अडचण उलट बाजूने येते. सेट टॉप बॉक्सला १.५ ॲम्पियर लागतात आणि आपण राउटरचा अर्ध्या ॲम्पियरचा अडॅप्टर लावला, तर तो आपल्या शक्तीबाहेर काम करू लागतो. बॉक्स मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, चित्र अडकते, अडॅप्टर हात लावू देत नाही इतका तापतो. स्वस्त अडॅप्टर असेल तर वितळतो, आणि तेथे आग लागण्याची भीती असते.

यावरून घरातल्या घरात अदलाबदल करता येईल का तेही ठरवता येते. राउटरवर १२ व्होल्ट, १ ॲम्पियर आहे. सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पियर आहे. बाकीच्या खुणाही जुळल्या तर बॉक्सचा अडॅप्टर राउटरला चालेल. राउटरचा बॉक्सला चालणार नाही.

कधी लेबलवर ॲम्पियर न लिहिता वॅट लिहिलेले असतात. वॅटना व्होल्टने भागले की ॲम्पियर मिळतात. २४ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे २ ॲम्पियर.

प्लस आत की बाहेर?

घरात नेहमी दिसणारी गोल पिन जवळून पाहा. तिला बाहेरून धातूची नळी असते आणि मधे भोक असते. एक बाजू प्लस आणि दुसरी मायनस. पण कोणती आत आणि कोणती बाहेर, हे सर्व अडॅप्टरांत सारखे नसते. त्यासाठी लेबलवर एक छोटे चित्र असते. मधे एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवट उघडे वर्तुळ. ठिपक्यापासून निघालेली रेघ ज्या चिन्हाला जाते, ती आतली बाजू. वर्तुळापासून निघालेली रेघ ज्या चिन्हाला जाते, ती बाहेरची. वस्तूवरही, पिन घालण्याच्या भोकाजवळ, असेच चित्र असते. दोन्ही चित्रे सारखी असली पाहिजेत.

बहुतेक राउटर आणि सेट टॉप बॉक्स यांत प्लस आत असतो. त्यामुळे लोकांना वाटते की सगळीकडे तसेच असणार. येथे कीबोर्ड वाजवणाऱ्या आपल्या मुलांनी लक्ष द्यावे. कॅसिओच्या अनेक जुन्या लहान कीबोर्डांना ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्यात मायनस आत, प्लस बाहेर असतो. त्याच कंपनीच्या नंतरच्या बऱ्याच मॉडेलांना ९.५ व्होल्टचा आणि प्लस आत असलेला लागतो. यामाहाच्या अनेक कीबोर्डांना १२ व्होल्टचा, प्लस आत असलेला. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की गायन पार्टीतला कीबोर्ड आज या वस्तीत तर उद्या त्या वस्तीत जातो. धावपळीत अडॅप्टर कुठेतरी राहतो आणि मंडपवाल्याकडून किंवा शेजारच्या घरातून दुसरा मागून आणला जातो. पिन बसते, पण प्लस-मायनस उलटे झाले तर काही कीबोर्ड नुसते सुरू होत नाहीत आणि काही कायमचे जातात. आत उलट वीज अडवणारा भाग बसवलेला असला तर वाचतो, नसला तर वाचत नाही. म्हणून कीबोर्डच्या खाली कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर व्होल्ट, ॲम्पियर आणि 'प्लस आत' किंवा 'प्लस बाहेर' असे मराठीत ठळक लिहून ठेवावे. मंडपातल्या कुणालाही ते वाचता येईल.

पिनचे माप

सारख्या दिसणाऱ्या पिनांतही फरक असतो. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पिनची बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर असते. पण तिचे आतले भोक कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटरचे असते. वस्तूच्या आतील काडी २.५ ची आणि पिनचे भोक २.१ चे असेल, तर पिन आत जातच नाही. जोर लावून ती घालू नये. काडी २.१ ची आणि भोक २.५ चे असेल तर पिन जाते, पण सैल बसते. हात लागला की वीज जाते, आत बारीक ठिणग्या पडतात आणि वस्तू पुन:पुन्हा सुरू-बंद होते. राउटर थोडा हलला की बंद पडतो अशी तक्रार असेल तर हे कारणही तपासून पाहावे.

लॅपटॉपचा अडॅप्टर

लॅपटॉपचे अडॅप्टर बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्टचे असतात. १९ आणि १९.५ हा अर्ध्या व्होल्टचा फरक बहुतेक लॅपटॉप सहन करतात. पण निवडीला वाव असेल तर नेमका तोच आकडा घ्यावा. वॅटकडे मात्र नीट पाहावे. १९.५ व्होल्टचा अडॅप्टर २.३१ ॲम्पियरचा असेल तर ४५ वॅटचा, ३.३४ चा असेल तर ६५ वॅटचा आणि ४.६२ चा असेल तर ९० वॅटचा. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ९० चा चालतो, ४५ चा पुरत नाही.

डेल आणि एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक काडी असते. ती वीज देण्यासाठी नसते. अडॅप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉप तिच्यातून ओळखतो. अडॅप्टर ओळखता आला नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही किंवा काम मंदावते. मुलाने "नवा अडॅप्टर लावल्यापासून चार्जच होत नाही" म्हटले, तर बॅटरी गेली असे लगेच समजून खर्च करू नये. आधी दुसरा, त्याच कंपनीचा अडॅप्टर लावून पाहावा.

आणखी एक. लॅपटॉपच्या अडॅप्टरला तीन पायांचा प्लग असेल, तर तो तीन भोकांच्या आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जाड पाय तोडून टाकणारे लोक आहेत. त्या पायानेच बिघाडाच्या वेळी वीज जमिनीत जाते.

सी टाइपची पिन

नव्या मोबाइलला आणि अनेक नव्या लॅपटॉपांना सी टाइपची पिन असते. तिची पद्धत निराळी आहे. पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर आणि वस्तू आधी एकमेकांशी बोलणी करतात आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी काय द्यायचे ते ठरवतात. बोलणी जुळली नाहीत तर चार्जर फक्त ५ व्होल्ट देतो. त्यामुळे चांगल्या बनावटीचा मोठा चार्जर लहान मोबाइलला लावला तरी मोबाइल जळत नाही. एकच चार्जर अनेक वस्तूंना चालावा म्हणून युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला सी टाइपची सोय सक्तीची केली, त्याचे कारण हेच. गोल पिनच्या अडॅप्टरांत अशी बोलणी नसते. तो लावताक्षणी आपले व्होल्ट देतो. तेथे शहाणपण आपल्यालाच दाखवावे लागते.

चार्जर बदलताना

रक्तदाबाच्या यंत्रात पुष्कळदा दीड-दीड व्होल्टचे चार सेल असतात. त्यांची बेरीज ६ व्होल्ट, आणि त्याचा अडॅप्टरही बहुधा ६ व्होल्टचा असतो. पण हाच हिशेब भाजीच्या वजनकाट्याला लावू नये. काट्याच्या आत ६ व्होल्टची भरून वापरायची बॅटरी असली, तरी ती भरण्यासाठी तिच्याहून जास्त व्होल्ट लागतात. म्हणून बॅटरीवरचा आकडा न पाहता काट्यावर किंवा जुन्या अडॅप्टरवर लिहिलेला आकडा पाहावा.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या बाबतीत तर कोणतीही अदलाबदल करू नये. लिथियम बॅटरीला चुकीचे व्होल्ट मिळाले तर ती पेट घेऊ शकते. तेथे कंपनीने सांगितलेलाच चार्जर वापरावा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

जुना अडॅप्टर हरवला असेल तर

अशा वेळी वस्तू उलटी करून पाहावी. तळाला किंवा पिनच्या भोकाजवळ तिला लागणारे व्होल्ट आणि ॲम्पियर बहुधा छापलेले असतात. नसतील तर सोबत आलेले माहितीपत्रक पाहावे, किंवा तळावरील मॉडेल क्रमांक मोबाइलवर शोधून कंपनीच्या माहितीत पाहावे. राउटर किंवा सेट टॉप बॉक्स इंटरनेटवाल्याचा अथवा केबलवाल्याचा असेल, तर स्वत: खरेदी करण्याआधी त्यालाच विचारावे. तो बदलून देण्याची शक्यता असते.

नवा घेण्याआधी जुना खरोखर गेला आहे का तेही पाहावे. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघावा. पुष्कळदा अडॅप्टर ठीक असतो आणि पिनजवळ वाकून वाकून वायर आतून तुटलेली असते. दुरुस्ती करणारा कारागीर नवी पिन जोडून देतो. मात्र जोडताना त्याने प्लस-मायनस तपासले का हे विचारावे. घरी अडॅप्टर उघडू नये. त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला भाग असतो आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ तो झटका देऊ शकतो.

वस्तीत एखाद्याकडे मल्टीमीटर असेल तर पुष्कळ शंका मिटतात. तो डीसीच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा. २४ व्होल्टचे किंवा लॅपटॉपचे अडॅप्टर तपासताना २०० च्या खुणेवर ठेवावा. लाल काडी पिनच्या भोकात आणि काळी बाहेरच्या नळीला लावावी. आकड्यापुढे वजाचे चिन्ह आले नाही तर प्लस आत आहे, आले तर प्लस बाहेर आहे. दोन्ही काड्यांची टोके एकमेकींना लागू देऊ नयेत. वस्तीतील तरुण मंडळाने किंवा महिला मंडळाने मिळून एक मल्टीमीटर घेऊन ठेवला, तर त्याचा उपयोग सर्वांना होईल.

दुकानात गेल्यावर

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याच्या बाजारातले छोटे दुकान असो, रीत एकच ठेवावी. वस्तू आणि जुना अडॅप्टर दोन्ही सोबत न्यावेत. तोंडाने "राउटरचा अडॅप्टर द्या" असे न म्हणता "१२ व्होल्ट, १ ॲम्पियर, प्लस आत" असे सांगावे. दुकानदाराने दिलेल्यावरची आउटपुटची ओळ काउंटरवरच स्वत: वाचावी. त्याचे "चालेल" हे त्याचे मत झाले. वस्तू जळाली तर पैसे आपले जातात, म्हणून खात्रीही आपणच करावी. आकडे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार हलक्यात घेत नाही, हाही अनुभव येईल.

भारतीय मानक ब्युरोची खूणही पाहावी. २०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाखाली अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना टप्प्याटप्प्याने सक्तीची नोंदणी लागू झाली. त्यांत अडॅप्टरही आहेत. अशा अडॅप्टरवर ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरा-खोटा तपासता येतो. ज्या अडॅप्टरवर काहीच लिहिलेले नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चांगल्या अडॅप्टरात भिंतीकडची वीज आणि वस्तूकडची वीज यांच्यामध्ये पक्का अडसर असतो. निकृष्ट मालात तो कच्चा असला, तर २३० व्होल्ट थेट हातापर्यंत येऊ शकतात.

बिल जरूर मागावे आणि त्यावर व्होल्ट-ॲम्पियर लिहून घ्यावेत. पत्र पाठवणाऱ्या भगिनीकडे बिल नव्हते, त्यामुळे त्यांना दुकानदाराला जाब विचारणे अवघड गेले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा आहे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कापून ठेवण्यासाठी

खालील ओळी कापून अडॅप्टरांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवाव्यात.

१. आउटपुटची ओळ वाचा, इनपुटची नव्हे.
२. व्होल्ट नेमके तेवढेच.
३. ॲम्पियर तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नको.
४. डीसी की एसी, ती खूण सारखी हवी.
५. प्लस आत की बाहेर, ते चित्र सारखे हवे.
६. पिन सर्वांत शेवटी पाहा. सैल नको, जबरदस्ती नको.

आता डबा उघडून प्रत्येक अडॅप्टरला एक चिठ्ठी लावून टाका : 'राउटर', 'बॉक्स', 'आरओ', 'बीपी'. एका संध्याकाळचे काम आहे, आणि मुलांना बरोबर घेतले तर त्यांचाही विज्ञानाचा एक धडा होईल. जे अडॅप्टर कशाचेच नाहीत आणि बंद आहेत, ते कचऱ्यात टाकू नका. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्या.

कोणाला आपल्या वस्तूबद्दल शंका असेल तर पत्रासोबत वस्तूवरची आणि अडॅप्टरवरची, अशी दोन्ही लेबले जशीच्या तशी उतरवून पाठवावीत. त्या भगिनीने पाठवली तशी. आकडे हाती आले की उत्तर देणे सोपे जाते.